टाकू नका, लागेल कधीतरी

घरं दोन प्रकारची असतात. काही घरांतून दिवाळीच्या आवराआवरीत नको असलेली वस्तू बाहेर जाते आणि काही घरांत ती माळ्यावर जाते. “टाकू नका, लागेल कधीतरी,” असं घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं आणि मोडक्या छत्रीची काडीसुद्धा जुन्या साडीत बांधून वर चढते. इस्तंबूल हे या दुसऱ्या जातीचं घर आहे. फरक इतकाच, की इथल्या माळ्यावरच्या वस्तू पुढे खरोखरच लागल्या.

सहलीच्या माहितीपत्रकात ही गोष्ट नसते. तिथे असतात ‘पॉइंट’. आयासोफिया, निळी मशीद, तोपकापी राजवाडा, ग्रँड बझार आणि बॉस्फरसवरची बोटफेरी. सकाळी हॉटेलात पोटभर नाश्ता करून निघालं, की चिवड्याचा पुडा संपेपर्यंत सगळं ‘करून’ झालेलं असतं. पंधराशे वर्षांची इमारत चाळीस मिनिटांत करून टाकणाऱ्या माणसाच्या उरकाला दाद द्यावी तेवढी थोडीच.

माझं ऐकाल तर सुरुवात जमिनीखालून करा. आयासोफियाच्या जवळच येरेबातान नावाचं भुयारी जलकुंड आहे. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने राजवाड्याला पाणी मिळावं म्हणून ते बांधून घेतलं. पायऱ्या उतरून गेलं की अंधारात खांबांच्या रांगाच रांगा दिसतात. एकूण ३३६ खांब आणि प्रत्येक सुमारे ९ मीटर उंच. पण नीट बघितलं तर त्यांचं एकमेकांशी जमत नाही. एकाच्या माथ्यावर पानांची नक्षी, तर शेजारचा अगदी साधा. कारण यांतले बरेचसे खांब जुन्या, पडक्या इमारतींमधून आणलेले आहेत. पाण्याखाली कोण बघणार, असा व्यवहारी विचार असावा.

अगदी टोकाच्या कोपऱ्यात दोन खांब उंचीला कमी पडले असावेत. त्यांच्या बुडाशी मेड्युसाची दोन मुंडकी दिली आहेत, एक आडवं आणि एक चक्क उलटं. ग्रीक पुराणातली ही बाई, केसांच्या जागी साप आणि नजर अशी की बघणाऱ्याचा दगड व्हावा. दगडी गाल ओले, हनुवटी वर, कपाळ पाण्यात. नजरेचा प्रभाव उतरावा म्हणून मुद्दाम उलटं ठेवलं, असं गाइड घोगऱ्या आवाजात सांगतो. मला मात्र गवंड्याचा संशय येतो. उंची जुळत नव्हती, आडवं घातल्यावर एक जुळलं, उलटं घातल्यावर दुसरं. साइटवर काम करणाऱ्या माणसाला पुराणापेक्षा लेव्हल महत्त्वाची.

पुढे या कुंडाचा लोकांना विसरच पडला. सोळाव्या शतकात पिएर जिल नावाचा फ्रेंच विद्वान जुन्या शहराचे अवशेष शोधत आला, तेव्हा त्याला दिसलं की इथले लोक घरातल्या विहिरीत बादली सोडून पाणी काढतात आणि मासेसुद्धा पकडतात. खाली बादशाही जलकुंड आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कालवणाचं त्यावाचून काही अडलंही नव्हतं.

वर येऊन पाच मिनिटं चाललं की हिप्पोड्रोम, म्हणजे रथांच्या शर्यतींचं जुनं मैदान. इथे इजिप्तचा साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा एक दगडी स्तंभ आहे. तो घडवला थुटमोस तिसऱ्याने आणि इथे उभा केला इ.स. ३९० मध्ये थिओडोसिअस बादशहाने. बहुतेक लोक स्तंभाचा फोटो काढतात. खरी मौज चौथऱ्यावर आहे. स्तंभ किती दिवसांत उभारला हे त्यावर दोन भाषांत कोरलंय. लॅटिन मजकूर म्हणतो ३० दिवस, ग्रीक म्हणतो ३२. सरकारी कामाच्या दोन अहवालांत दोन दिवसांची तफावत, तीही दगडात! काम करून घेणाऱ्या प्रोक्लस या अधिकाऱ्यावर पुढे मर्जी खप्पा झाली, त्याचा जीव गेला आणि चौथऱ्यावरचं त्याचं नाव छिन्नीने खरवडलं गेलं. नंतर वारं फिरलं आणि तेच नाव त्याच जागी पुन्हा कोरलं. नवा चौथरा करण्यापेक्षा हे स्वस्तात पडलं असणार.

शेजारीच काशाच्या तीन सापांचा पिळदार स्तंभ आहे. इ.स.पू. ४७९ मध्ये प्लाटिआच्या लढाईत इराण्यांना हरवल्यावर ग्रीक नगरांनी तो डेल्फीच्या देवाला वाहिला होता. कॉन्स्टन्टाइनने तो उचलून इथे आणला. देवाला वाहिलेली वस्तू परत न्यायची नसते, हा नियम बादशहांना लागू नसतो. आता सापांची डोकी गेली आहेत आणि बुंधा खड्ड्यात आहे. खरं तर स्तंभ खचलेला नाही, भोवतालची जमीनच शतकानुशतकं वर चढत गेली.

आयासोफियाबद्दल सगळे भरभरून बोलतात, म्हणून मी थोडक्यात सांगतो. ५३७ साली ती पूर्ण झाली, आणि वीसेक वर्षांत भूकंपांनी खिळखिळा झालेला घुमट कोसळला. मूळ घुमट फार पसरट होता. भिंतींना बाहेर रेटत होता. इसिडोर या मूळ स्थापत्यकाराच्या पुतण्याने तो उंच करून ५६२ साली पुन्हा बसवला. काका-पुतण्यांच्या गोष्टी आपल्याकडे वेगळ्या वळणाने जातात. इथे पुतण्याने काकांचं काम सावरलं. आधी चर्च, १४५३ पासून मशीद, १९३५ मध्ये संग्रहालय, २०२० पासून पुन्हा मशीद. पाटी बदलत गेली, घुमट तोच राहिला. आत संगमरवराचे दोन प्रचंड रांजण आहेत, तेही पर्गमॉनहून आणलेले जुने. आणि वरच्या गॅलरीच्या कठड्यावर हाल्फदान नावाच्या कुणा उत्तरेकडच्या वीराने हजारेक वर्षांपूर्वी आपलं नाव खरडून ठेवलंय. आपल्या किल्ल्यांवर असं कुणी केलं की आपण चिडतो, आणि ते रास्तच आहे. पण हजार वर्षं टिकलं की त्यावरही काच बसते.

सिनान या स्थापत्यकाराने बांधलेल्या सुलेमानिये मशिदीत तर काजळीसुद्धा वाया गेली नाही. तेलाच्या दिव्यांचा धूर हवेच्या झोताने एका खोलीत ओढला जाई आणि तिथल्या काजळीची शाई होत असे, असं सांगतात. या शहरात कुणी काही टाकून दिल्याची गोष्ट मी एकच ऐकली. तोपकापीत ८६ कॅरटचा एक हिरा आहे. तो म्हणे एका गरिबाला कचऱ्यात सापडला आणि त्याने तीन चमच्यांच्या बदल्यात देऊन टाकला. म्हणून त्याचं नाव चमचेवाल्याचा हिरा.

माळ्याला तळही नाही. बॉस्फरसखालून मार्मारे रेल्वे नेताना येनिकापीला खणायला घेतलं, तर जुनं बंदर लागलं आणि त्यात ३७ गलबतं. इंजिनिअर थांबले, पुरातत्त्ववाले ब्रश घेऊन बसले आणि रेल्वे सुरू व्हायला २०१३ साल उजाडलं. आपलं घर उपसायला काढलं की असंच होतं. जुनी पत्रं सापडतात आणि आवरणं बाजूला राहतं.

इस्तंबूलला जाणार असाल तर यादीतली निम्मी नावं खोडा. घुमट बघून झाला की मान खाली घाला आणि खांब कशावर उभा आहे ते बघा. टूरवाल्याकडे अर्धा तास जादा मागा. नाही म्हणाला, तर गालिच्याच्या दुकानात तो जो अर्धा तास बसवून ठेवतो, तेवढा त्याला परत करा.