तेरा हजार फुटांवरचे अण्णा

सोलापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड हजार फुटांवर आहे आणि बहुतेक सोलापूरकरांना तेवढी उंची आयुष्यभर पुरते. अपवाद अण्णांचा. असे अण्णा प्रत्येक सोसायटीत एक तरी सापडतात. वय पन्नाशीच्या घरात, पोट घराच्या थोडं बाहेर. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उठली की इतर माणसं उन्हाळ्याच्या धास्तीनं माठ बघायला लागतात. अण्णा व्हॉट्सॲपवर ग्रुप काढतात : ‘सार पास, मे’.

कुणी कां-कूं केलं की अण्णांचा हुकमी एक्का तयार. “आपल्या सोलापूरचा आनंद बनसोडे २०१२ला एव्हरेस्टवर गेला की ओ मालक! तुम्हाला निम्मंसुद्धा जमत नाही व्हय?” हिमालयातल्या सार पास या खिंडीची उंची १३,८०० फूट, एव्हरेस्टची २९,०३२. म्हणजे अण्णांचं गणित जवळपास चोख असतं. फक्त निम्म्याचं निम्मं वाटेतच दमवतं, हे ते सांगत नाहीत.

सरावाची खरी अडचण अशी की शहराला डोंगर नाही. मग कंबर तलावावर फेऱ्या, अपार्टमेंटचे जिने आणि एका रविवारी तुळजापूरचा घाट. घाट चढल्यावर देवीचं दर्शन, दर्शनानंतर जेवण आणि जेवणानंतर परतीची एस.टी. अण्णांच्या वहीत याची नोंद ‘हाय अल्टिट्यूड ट्रेनिंग’.

मे उजाडला की कर्नाटक एक्सप्रेस दौंडला पोचायच्या आत डबे उघडतात. कसोलच्या बेस कॅम्पवर ओझं कमी करायला सांगतात, तेव्हा अण्णा औषधांची पिशवी काढून ठेवतात. शेंगाचटणी, कडक भाकरी आणि सोलापुरी चादर जागची हलत नाही. “स्लीपिंग बॅगमध्ये माणूस झोपत नाही ओ, पॅक होतो.” चादर हवीच. ट्रेक नेणाऱ्या युथ हॉस्टेल संस्थेच्या कॅम्पवर लाकूड न जाळताच कॅम्पफायर करतात; तिथं मात्र अण्णांशिवाय पान हलत नाही. गुजराती मंडळींना ते चटणी खिलवतात, बंगाली काकूंकडून गाणं म्हणवून घेतात आणि कुणी न विचारता आभारप्रदर्शन करतात.

गडबड होते ती वर. १३,८०० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के उरतो. प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. डोकं ठणकतं, अन्नावरची वासना उडते. अण्णांचं निदान ठरलेलं : पित्त. उपायही ठरलेला : आलेपाक. ग्रुपमधल्या डॉक्टरीणबाई विरळ हवेचं शास्त्र समजावू लागल्या की अण्णा म्हणतात, “हवा आहे तशीच आहे, तुम्ही रात्री जेवला नाही नीट.” इतकं म्हणून ते स्वतःच दगडावर बसतात आणि ‘मागच्यांसाठी थांबलोय’ असं जाहीर करतात. मागं कुणीच नसतं.

चटणी-भाकरीच्या बाबतीत मात्र शास्त्रही त्यांच्याच बाजूला. एवढ्या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शिजता शिजत नाही. कडक भाकरीला ना पाणी लागतं, ना शेगडी. डोळ्यांत पाणी आणणाऱ्या तिखटानं मेलेली भूकही जागी होते आणि अण्णांची टर उडवणारेच त्यांच्यापुढं ताटल्या घेऊन उभे राहतात. खिंडीपलीकडं बर्फावरून बसून घसरत उतरायचं असतं. चढताना शेवटचे असलेले अण्णा इथं पहिले येतात. यात त्यांच्या वजनाचा वाटा किती, हे कुणी मोजत नाही.

तेव्हा हिमालयात जाणार असाल तर ग्रुपमध्ये एखादे अण्णा जरूर घ्या. ते नसतील तर ग्रुप तिकिटापर्यंतही पोचत नाही. त्यांची चटणी पोटभर खा, गप्पा कानभर ऐका. डोकं दुखायला लागलं की मात्र आलेपाक खिशात ठेवा, डॉक्टरीणबाईंना गाठा आणि त्या म्हणतील तर मुकाट्यानं खाली उतरा.