स्कीममधलं देवदर्शन

शिरूरच्या बाजारपेठेत खतं-औषधांची जेवढी दुकानं आहेत, त्यातल्या कुठल्याही गल्ल्यावर बापू बसलेले दिसतील. आपण एकाच बापूंबद्दल बोलू. बाकीच्यांनी आपापलं समजून घ्यावं. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, मागच्या भिंतीवर लक्ष्मी, तुकोबा आणि कीटकनाशकाच्या कंपनीचं कॅलेंडर. जन्मतारीख 1 जून, कारण त्या पिढीत शाळेत नाव घालायला नेलेल्या बहुतेक पोरांना गुरुजींनी हीच तारीख वाटली.

बापूंचा मुख्य गुण असा की त्यांनी आयुष्यात एकही गोष्ट हौस म्हणून केलेली नाही. चारचाकी घेतली ती आईला दवाखान्यात न्यायला. एसी घेतला तो बियाणं टिकावं म्हणून. बियाणं गोदामात असतं आणि एसी झोपायच्या खोलीत, हा भाग वेगळा. महाबळेश्वरला गेले ते स्ट्रॉबेरीची रोपं बघायला, आणि मुलीच्या लग्नात नाचले ते पाहुण्यांचा मान राखायला. त्यांच्या घरात मजा येते ती नेहमी कर्तव्याच्या मागच्या दारानं.

अशा माणसावर बँकॉकचा प्रसंग ओढवला.

ओढवला तो स्कीममधून. खरिपाच्या तोंडावर कंपनीचे साहेब आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "शेठ, एवढं टारगेट बसवा, तुम्हाला विमानात बसवतो." बापूंनी माल उचलला. गोदाम भरलं, मग पडवी भरली, मग देवघराच्या बाजूला बाटल्यांची खोकी लागली. जो शेतकरी युरिया मागायला येई त्याला टॉनिकही जाई, आणि हिशेब कांद्याची पट्टी आल्यावर. शेवटी चार खोकी उरली, ती बापूंनी स्वतःच्याच डाळिंबावर मारली. डाळिंबाला काय वाटलं ते कळलं नाही, पण टारगेट बसलं.

आता अडचण अशी की कंपनीनं सिमला दिलं असतं तर बापू छाती काढून फिरले असते. आपल्याकडं बँकॉक म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग आजूबाजूला बघतो, आणि मग खालच्या आवाजात विचारतो, "वहिनी पण चालल्यात का?" एसटी स्टँडपासून पाबळ फाट्यापर्यंत बापूंना हे तीन टप्पे जागोजाग भेटले. दौंडच्या एका दुकानदाराचंही टारगेट बसलं होतं. त्यानं घरी सरळ सांगितलं, "मी मजा करायला चाललोय." त्या घरात त्या दिवसापासून फक्त भांड्यांचा आवाज येतो असं ऐकलं. बापूंनी त्यावरून धडा घेतला आणि बेत आखायला बसले.

कागदपत्रांपासून सुरुवात झाली. पासपोर्टसाठी पुण्याला मुंढव्याला खेपा झाल्या, कारण आधारवर वडिलांचं नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आणि सातबाऱ्यावर दोन्ही. व्हिसाची धास्ती होती, पण थायलंडनं 2023 च्या नोव्हेंबरात भारतीयांना व्हिसा माफ केल्याचं कळलं. बापूंना कर्जमाफी झाल्यासारखा आनंद झाला. 2024 च्या अखेरीस पुण्याहून थेट विमानही सुरू झालं होतं. चार तासांचं उड्डाण. त्यासाठी घरातून किती वाजता निघायचं, यावर मात्र बापूंनी रात्र जागवली. शिक्रापूर, कोरेगाव भीमा आणि वाघोली या तिन्ही ठिकाणच्या गर्दीला त्यांनी स्वतंत्र वेळ दिला. बेरीज केली तेव्हा शिरूर ते लोहगाव हा प्रवास पुणे ते बँकॉक या प्रवासाहून अर्ध्या तासानं मोठा भरला.

मग आला खरा बेत. कंपनीच्या छापील कार्यक्रमात चार रात्री होत्या: पहिल्या दोन पटायात, पुढच्या दोन बँकॉकात. बापूंनी तो कागद कुलपात टाकला आणि उधारीच्या वहीतलं कोरं पान घेऊन वर मधोमध 'श्री' लिहिलं. पुढचे आठ दिवस मोबाइलवर माहिती काढता काढता त्यांना जो शोध लागला, त्यानं ते स्वतःच थक्क झाले. ज्या गावाचं नाव काढताच लोक आजूबाजूला बघतात, ते गाव देवांनी भरलेलं होतं!

विमान उतरतं त्या विमानतळाचं नाव सुवर्णभूमी, आणि आत चक्क समुद्रमंथन: वासुकीची दोरी, एकीकडं देव, दुसरीकडं दानव, वर विष्णू. बँकॉकच्या लांबलचक पूर्ण नावात हे नगर इंद्राच्या आज्ञेवरून विश्वकर्म्यानं बांधल्याचं लिहिलंय. राजाचं नाव राम, आणि आत्ताचा दहावा. 1782 साली पहिल्या रामानं वाडा बांधायला घेतला. तिथल्या पाचूच्या बुद्धाच्या आवारात भिंतीवर सगळं रामायण रंगवलेलं, 178 चित्रांत. आत जायला गुडघे आणि खांदे झाकलेले लागतात, हे वाचून बापूंना भरून आलं. कंपनीच्या तरुण पोरांनी हाफचड्ड्या घेतल्या होत्या. "बरी जिरली," असं म्हणून त्यांनी ते कलम दोनदा अधोरेखित केलं.

सिलोम रस्त्यावर तमिळ लोकांनी 1879 च्या सुमाराला उभारलेलं मरिअम्मनचं देऊळ मिळालं. चौकात चारमुखी ब्रह्मदेव मिळाला. 1950 च्या दशकात तिथं सरकारी हॉटेल बांधताना अपघातांवर अपघात होऊ लागले, म्हणून ज्योतिषाच्या सल्ल्यानं 1956 साली हा देव बसवला. आता नवस फेडायला लोक त्याच्यापुढं नाचणाऱ्या बायका बोलावतात. शेवटचं वाक्य बापूंनी वहीत उतरवलं नाही. शहराच्या पूर्वेला छाछोएंगसाव प्रांतात 39 मीटर उंचीचा उभा गणपती निघाला, सगळा काशाचा. त्याच्या चार हातांत फणस, केळी, आंबा आणि ऊस! "ऊस बघा, ऊस," बापू येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. न्हावऱ्याच्या एका ऊसवाल्यानं विचारलं, "पेमेंट येळेवर होतं का तिकडं?"

खरी कसोटी मसाजची होती. कंपनीच्या कार्यक्रमात मसाज होता, बापूंच्या कमरेला तो हवा होता, पण तोंडाला तो शब्द पेलवेना. तिथंही देव धावला. वाट फो नावाच्या देवळात 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे, आणि त्याच देवळात थाई मसाजचं विद्यालय आहे! वर युनेस्कोनं 2019 साली ही विद्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलेली. आता युनेस्कोपुढं शिरूर काय बोलणार? बापूंनी लिहिलं: 'दुपारी 2 ते 4, पारंपरिक उपचार, वाट फो देवस्थान.' पटायाचं झालं 'समुद्रस्नान'. नदीवरच्या रात्रीच्या बोटीचं झालं 'नौकाविहार'. आणि पटायाच्या ज्या गल्लीचं नाव सगळ्या डीलर मंडळींना पाठ असतं, तिच्यापुढं त्यांनी लिहिलं: 'जेवणोत्तर शतपावली'.

कागद वहिनींच्या हाती गेला. त्या मेथी निवडत होत्या. त्यांनी तो वरून खालपर्यंत वाचला, परत दिला आणि एवढंच विचारलं, "अहो, शतपावली रात्री साडेअकराला?"

बापूंनी वेळ खोडून साडेआठ केली.

बाकी बेत मात्र निर्दोष होता, आणि तीच चूक झाली. संध्याकाळी बापूंनी तो आईला मोठ्यानं वाचून दाखवला. आई पंच्याहत्तरीची, माळकरी, पंढरीची वारी केलेली. तिनं डोळे मिटून सगळं ऐकलं आणि विचारलं, "व्हय रं, एवढे देव हायेत तिकडं, मग मला कुठं ठिवतो?"

"आई, कूपन एकाचंच आहे."

"माझ्या दुधाच्या पट्टीतले पैसे हायेत. तुझं कूपन तुला राहू दे."

बापूंनी मग स्वतःच आखलेल्या बेतावर हल्ला चढवला. गर्दी फार, जेवणाचे हाल, उकाडा असा की दम लागेल. आईनं एकेक खोडून काढलं. गर्दी आषाढीला असते, दशम्या आणि ठेचा सोबत घेऊ, आणि उकाड्याचं मे महिन्यात दौंडला राहिलेल्या माणसाला काय सांगतोस? "आणि त्या देवळात अंग रगडून देतात म्हणलास नव्हं? माझं गुडघं लई धरल्यात. ते दोनदा लिही. समुद्रात पण मला उतरायचंय, बोटीत पण बसायचंय." म्हातारीनं एका दमात सगळी मौज मागून घेतली. युनेस्कोची तिला गरज पडली नाही. बापू तिच्याकडं बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी पासपोर्टच्या झेरॉक्स न्यायला कंपनीचा पोरगा आला. तो दोनदा जाऊन आलेला. बापूंनी अभिमानानं वही पुढं केली. पोरगा वाचत गेला आणि एका ओळीवर थांबला: 'गुरुवार, रात्री 9.30, श्री त्रिमूर्ती दर्शन.' त्रिमूर्ती म्हणजे दत्त महाराज, आणि वारही गुरुवार. बापूंनी ही नोंद सगळ्यात श्रद्धेनं केली होती.

"शेठ," पोरगा हसू दाबत म्हणाला, "ते मॉलच्या समोर आहे. आणि गुरुवारी रात्री तिथं पोरंपोरी लाल गुलाब घेऊन येतात. साडेनऊला देव खाली उतरतो म्हणतात. मागितलं की जोडीदार मिळतो. प्रेमाचा देव आहे तो."

बापूंचे कान तांबडे झाले. त्यांनी पेन उचललं आणि ओळ खोडणार, एवढ्यात पडदा सरकवून आई दुकानात आली.

"काय मिळतं म्हणला?"

"जोडीदार, आज्जी. बायको, नवरा, जे हवं ते."

दुकानात क्षणभर कुणीच बोललं नाही. बापूंचा धाकटा एकतिसाचा. बीएस्सी ॲग्री, पाच एकर बागायत, ट्रॅक्टर, निर्व्यसनी. तीन वर्षांत बत्तीस ठिकाणी कांदेपोहे झाले. मुलीकडचे विचारतात, पुण्यात फ्लॅट आहे का? नोकरी आहे का? शेती आहे ना, ती असायलाच हवी, पण मुलगी शेतात जाणार नाही. नगरपासून बारामतीपर्यंतची सगळी मध्यस्थ मंडळी करून झाली होती. खंडोबा झाला, तुळजापूर झालं. रांजणगावच्या महागणपतीला तर आई दर चतुर्थीला जाऊन आठवण करून देई.

"खोडू नको," आई म्हणाली. "त्येच आधी लिही. बाकीचं राहिलं तर राहिलं."

कंपनीच्या कार्यक्रमात गुरुवार पटायाला पडत होता. तेव्हा बापूंनी साहेबांना फोन लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हट्ट धरला: आधी बँकॉक, मग पटाया, नाहीतर पुढच्या खरिपात तुमचं टॉनिक ठेवणार नाही. साहेबांना कारण कळलं नाही. पण गोदामाचा आकार त्यांना ठाऊक होता, म्हणून त्यांनी मुकाट्यानं दिवस फिरवले.

ही बातमी शिरूरात राहिली असती तर शिरूर कसलं! दोन दिवसांत दौंडच्या दुकानदाराचा फोन आला, "बापू, तो देवांचा कागद पाठवा की, आमच्याकडं मंडळींना दाखवायचाय." चौथ्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन आला, "भाऊजी, ते गुरुवारचं खरंय का? आमचा भाचा चौतीसचा आहे." पाटस, केडगाव, मांडवगण, कुठून कुठून माणसं येऊ लागली. औषधं मागायचं निमित्त, आणि जाताना गल्ल्यावर घडी घातलेला कागद: मुलाचं नाव, उंची, शिक्षण, बागायत किती, जिरायत किती. बँकॉक म्हटल्यावर आता कुणी हसत नव्हतं. खालच्या आवाजात बोलत होते, पण ते वेगळ्या कारणानं. बापूंनी त्यासाठी उधारीच्या वहीतच एक नवं खातं उघडलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जुनं तेज परत आलं, कारण ही सहल आता पुरती लोकांचं काम झाली होती. शतपावलीची वेळ त्यांनी हळूच पुन्हा साडेअकरा केली.

निघायच्या आदल्या दिवशी एक शेतकरी आला. दोन हंगामांची उधारी थकलेली, म्हणून महिनाभर दुकानासमोरून जातानाही मान वळवणारा. त्यानं मुलाचा फोटो आणि पाचशेची नोट गल्ल्यावर ठेवली. बापूंनी सवयीनं जुनं पान उघडलं, तसा तो घाईनं म्हणाला, "ते कांद्याच्या पट्टीवर बघू, बापू. हे गुलाबाचे. हे रोख."