गालिच्यावर घसरण्याची साधने

कार्पेट स्केट हे पायात बांधून गालिच्यावर घसरण्याचे साधन होय. त्याला चाके नसतात, पाते नसते आणि उपयोगही नसतो. गुळगुळीत, टणक प्लॅस्टिकचा रुंद तळवा, समोरून किंचित वर वळलेली कड आणि बुटावरून आवळायचा पट्टा, एवढेच त्याचे भाग. अमेरिकेत पुष्कळ घरांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लवदार गालिचा पक्का बसवलेला असतो. बाहेर बर्फ आणि घरात कंटाळलेली मुले असली की असे साधन सुचायला वेळ लागत नाही.

त्याचे शास्त्र साधे आहे. चाक गालिच्याच्या लवीत रुतते. रुंद तळवा रुतत नाही, तो धाग्यांच्या टोकांवरून सरकतो. घर्षण हे वजनाच्या प्रमाणात असते, टेकलेल्या पृष्ठभागाच्या आकारावर ते अवलंबून नसते, हा नियम फ्रान्सच्या गिल्योम अमाँताँ यांनी 1699 मध्ये मांडला. वजनाबरोबर जडत्वही तेवढेच वाढत असल्याने, सारख्या वेगाने सुटलेले किडकिडीत पोर आणि भरभक्कम गृहस्थ साधारण सारख्याच अंतरावर थांबायला हवेत. प्रस्तुत लेखकाच्या पोटाविषयी घरात जी चर्चा चालते तिला विज्ञानाचा आधार नाही. जड माणूस लवीत थोडा अधिक दबतो हे खरे, पण तो तपशील येथे विस्ताराने घेण्याचे कारण दिसत नाही. सुरुवातीला हलायला जास्त जोर लागतो आणि एकदा हलल्यावर कमी पुरतो, हे फ्रान्सच्याच कूलाँ यांनी 1785 च्या सुमारास नीट मोजून दाखवले. सकाळी अंथरुणातून उठणाऱ्या कोणालाही ते आधीच ठाऊक होते.

नायलॉनच्या गालिच्यावर घासत गेल्याने कोरड्या हवेत अंगात स्थिर वीज साठते, आणि नंतर दाराच्या लोखंडी कडीला हात लावला की चटका बसतो. हा चटका जाणवायला सुमारे 3,000 व्होल्ट लागतात. विद्युतभार अत्यल्प असल्याने इजा होत नाही, फक्त चेहरा पडतो.

हिंगोली जिल्ह्यात हे साधन चालवायचे कशावर, हा खरा प्रश्न. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेल्या या जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांत घरभर गालिचा बसवण्याची रीत नाही. उन्हाळा, धूळ आणि काळी माती ही त्याची तीन कारणे. पावसाळ्यात रानातून आलेल्या माणसाच्या वहाणेखाली चिखलाचा असा थर चढतो की तो दोन बोटे उंच होऊनच दारात येतो. पायात घालण्याचे हे स्थानिक साधन फुकट मिळते. फक्त कधी घसरायचे ते त्याचे ते ठरवते.

गालिच्याची जागा येथे सतरंजीने घेतली आहे, आणि सतरंजीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. सतरंजी सुती, सपाट विणीची, पट्ट्यापट्ट्यांची असते. सार्वजनिक सतरंजीच्या कोपऱ्यावर ऑइलपेंटने गावाचे किंवा मंडळाचे नाव घातलेले असते, तरीही ती शेजारच्या गावात सापडते. सप्ताहाचे कीर्तन, लग्न, तेरवी आणि पुढाऱ्याची सभा या चारही प्रसंगी तीच अंथरली जाते. कुठल्या प्रसंगाला आपण आलो आहोत हे तिच्यावरून कळत नाही, तिच्यावर बसलेल्यांच्या चेहऱ्यावरूनही नेहमी कळतेच असे नाही. तिच्या एका टोकाला गादी आणि लोड असतात, दुसऱ्या टोकाला चपलांचा ढीग. माणसाची गावातली पत या दोन टोकांमध्ये तो कुठे टेकतो यावरून वाचता येते. अलीकडे लग्नांत खुर्च्या आल्या आणि पहिल्या रांगेत पांढऱ्या खोळीचा सोफा आला. त्यामुळे ही मोजपट्टी बिघडेल असे वाटले होते, पण ती फक्त लांबली. सोफा, मग हाताच्या खुर्च्या, मग बिनहाताच्या, आणि शेवटी सतरंजी. जाणकार मनुष्य अशा वेळी सतरंजीवरच बसतो, पण माइकवाल्याला दिसेल अशा बेताने. साधेपणाने खाली बसलेल्या मान्यवराला उठवून सोफ्यावर नेण्याची आणि फेटा बांधण्याची पद्धत असल्याने, सोफ्यावर पोहोचण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग समजला जातो. प्रस्तुत लेखकाने तो बरेचदा अवलंबला आहे. काही वेळा पंगती उठून सतरंजी झटकायला पोरे येईपर्यंत त्याला तिथेच बसावे लागले, ते माइकवाल्याची नजर अधू असल्यामुळे. उठताना त्याने नेहमी असे दाखवले आहे की पायाला मुंग्या आल्या म्हणून उशीर झाला.

हे विषयांतर नव्हे. सतरंजीला लव नसल्याने कार्पेट स्केट तिच्यावर धड चालत नाही. तळव्यापुढे सतरंजीच गोळा होते आणि तिसऱ्या पावलाला मोठी सुरकुती उभी राहते. मात्र तीच सतरंजी चकचकीत टाइल्सवर अंथरली की प्रकार उलटतो. अमेरिकेत माणूस गालिच्यावरून घसरतो, हिंगोलीत सतरंजीच माणसाला घेऊन घसरते. पट्टा, बक्कल, माप यांचा खर्च वाचतो आणि एका वेळी चार पोरे बसू शकतात. एकाने टोक धरून ओढायचे, बाकीच्यांनी ओरडायचे.

हे शक्य झाले ते जमीन बदलल्यामुळे. शेणाने सारवलेल्या भुईवर कोणी घसरत नसे. तिचा पोत पायाला धरून ठेवी. मग शहाबादी फरशी आली. ती जिथून येते ते कर्नाटकातले शहाबाद आणि हिंगोली 1956 पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. दिवाळीआधी घर धुताना साबणाच्या पाण्यात गोणपाटावर बसून या फरशीवरून सुटणे हा मराठवाड्यातल्या मुलांचा वर्षातून एकदाचा खेळ. ओढणारा थोरला भाऊ आणि रागावणारी आई ही त्याची आवश्यक सामग्री. जिल्ह्यातल्या औंढा नागनाथच्या देवळात गाभाऱ्याकडे उतरताना लागणारा दगडही पायांनी आणि पाण्याने असाच गुळगुळीत झाला आहे. तिथे अरुंद, खोल वाटेने वाकूनच उतरावे लागते आणि सोफ्यावरच्या माणसालाही भिंत धरावी लागते.

आता गुजरातमधल्या मोरबीच्या दोन बाय दोनच्या टाइल्स आल्या. चकाकी कशी येते हे या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. वसमतकडे हळद उकडून, वाळवून फिरत्या ड्रममध्ये घालतात. गड्डे आणि बोटे एकमेकांवर आणि ड्रमच्या जाळीवर घासून वरची खरखरीत साल जाते आणि हळदीला भाव येतो. घर्षणाने घर्षण घालवण्याचा हा उद्योग आहे. टाइलच्या दुकानात नमुने भिंतीला उभे लावलेले असतात आणि वर दिवा असतो. गिऱ्हाईक टाइलमध्ये तोंड पाहते आणि पसंत करते. ती ओली करून तिच्यावर चालून कोणी पाहत नाही. प्रस्तुत लेखकाने आपल्या घरासाठी जी निवडली तिच्यात त्याचा भांग स्पष्ट दिसत होता.

आरसा आणि घसरणे यांचा संबंध जुना आहे. आजच्या बेल्जियममध्ये जन्मलेला जॉन जोसेफ मर्लिन हा यंत्रकुशल गृहस्थ 1760 मध्ये लंडनला आला. त्याने चाकांचे स्केट केले, आणि एका मेजवानीत ते घालून व्हायोलिन वाजवत तो दिवाणखान्यात शिरला, असे सांगतात. वळण्याची किंवा थांबण्याची सोय त्याने केली नव्हती. तो पाचशे पौंडांहून अधिक किमतीच्या आरशावर जाऊन आदळला. आरसा गेला, व्हायोलिन गेले, त्यालाही जबर लागले. वळता येणारे चार चाकांचे स्केट अमेरिकेत जेम्स प्लिम्प्टन यांनी 1863 मध्ये केले, म्हणजे मधली शंभर वर्षे लोक बहुधा सरळच जात होते.

घसरण्यातली गंमत कोणासाठी, हा भाग मात्र गमतीचा नाही. जी टाइल नातवाला मैदान वाटते तिच्यावर आजी पाऊल टाकत नाही. प्रस्तुत लेखकाची आई सारवलेल्या भुईवर डोक्यावर घागर घेऊन चालत आली. आता ती स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत भिंतीला हात लावून जाते. त्या हाताचा एक लांब पुसट पट्टा रंगावर उमटला आहे. पाहुणे येणार म्हणून लेखकाने भिंत पुन्हा रंगवून घेतली. महिन्याभरात पट्टा होता तिथे परत आला. उतारवयात खुब्याचे हाड मोडले तर पुष्कळांचे चालणे कायमचे जाते, हे माहीत असूनही खरखरीत टाइल लोक फक्त न्हाणीघरात बसवतात. बाकीचे घर पाहुण्यांसाठी असते. आईने याबद्दल कधी तक्रार केली नाही. "चांगली हाय फरशी, झाडायला सोपी," एवढेच ती म्हणते, आणि हे ऐकायला बरे वाटत नाही.

आता कार्पेट स्केट कसे वापरावे याविषयी थोडे. गुडघे किंचित वाकवावेत, वजन दोन्ही पायांवर सारखे ठेवावे, पावले उचलू नयेत, ढकलावीत. थांबण्यासाठी गती संपू द्यावी. कपाट, टीपॉय आणि झोपाळा यांचा थांबा म्हणून उपयोग करू नये. टाइल्सवर ते बांधूच नये, तिथे पायमोजे पुरतात आणि तेही जास्तच होतात. माप पट्ट्याने जुळवता येत असल्याने मोठ्यांसाठी वेगळा जोड लागत नाही. तो मागवताना भाच्यासाठी हवा असे सांगण्याची प्रथा आहे. तळवा ओल्या फडक्याने पुसावा, खरखरीत झाला की साधन निकामी समजावे. पट्टा तुटल्यास चपला शिवणारा कारागीर दुरुस्त करून देतो. हे कशासाठी असते हे तो विचारतो, आणि उत्तर ऐकल्यावर पैसे आधी घेतो.