राख घरपोच

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची गुणपत्रिका काढली, तेव्हा आमच्या चंद्रपूरने 83.88 गुण घेऊन देशात चौथा नंबर पटकावला. पुढे फक्त अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद. गुणपत्रिका प्रदूषणाची असल्यामुळे सत्कार तेवढा झाला नाही. उलट नव्या कारखान्यांना काही काळ मनाई झाली. 2018 च्या यादीत तर चंद्रपूर मागेच पडलं. पण हळहळायचं कारण नाही, 93.69 गुणांनी पहिलं आलं ते तारापूर. मुकुट राज्यातच राहिला.

अशा प्रसंगी धीर द्यायला अर्थशास्त्री धावून येतात. त्यांच्याकडे कुझनेट्स यांच्या नावाची एक वक्ररेषा असते. उत्पन्न वाढू लागलं की आधी प्रदूषण वाढतं. मग माणसं सुखवस्तू होतात, त्यांना स्वच्छ हवेची आठवण येते आणि रेषा खाली वळते. थोडक्यात हा घाट आहे, चढ संपला की उतार ठरलेला. चंद्रपूर 1980 च्या दशकापासून चढतंय. मधल्या काळात लक्षात आलं ते एवढंच, की घाटाचा चढ आमच्याकडे आहे आणि उतार पडघ्याला.

पडघा म्हणजे भिवंडीजवळचं. आमच्याकडून तिथवर 752 किलोमीटर लांबीची उच्चदाब वाहिनी गेली आहे, क्षमता 1500 मेगावॉट. इथल्या औष्णिक वीज केंद्राची एकूण क्षमता 2920 मेगावॉट. कोळसा इथला, पाणी इरई धरणाचं, चिमण्या इथल्या. वीज मात्र तारेवर बसून मुंबईच्या दिशेने जाते. राखेला अशी तार अजून कोणी टाकून दिली नाही, म्हणून ती बिचारी गावातच राहते. (मुंबईला स्वतःची धूळ कमी नाही, हे मान्य. तो वेगळा घाट.)

दुर्गापूरकडच्या एका काकूंना विचारलं, विकास कसा वाटतो? काकू गच्चीवरची साडी झटकत होत्या. एकदा झटकली, उलटी करून पुन्हा झटकली, मग काठावरून बोट फिरवून बोट मला दाखवलं. "कपडे दोनदा धुवा लागते जी," म्हणाल्या, "बाकी बरं हाये." बाकी म्हणजे मे महिन्यातले 46-47 अंश, खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर आणि वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीत फिरणारे वाघ-बिबटे. ताडोबात वाघ पाहायला लोक पैसे मोजतात. इथे कामगाराला पाळीवरून घरी जाताना फुकटात दिसण्याची सोय आहे. याला समन्यायी विकास म्हणायला हरकत नसावी.

राखेच्या वाटणीचा प्रश्न उरतो. हिशेब सोपा आहे. एका युनिट विजेला पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा जळतो आणि आपल्या कोळशात तिसरा हिस्सा तरी राखच असते. म्हणजे युनिटमागे जवळपास पावशेर. त्यातली काही सिमेंटमध्ये जाते, काहीच्या विटा होतात, हे खरं. पण महिन्याला तीनशे युनिटं जाळणाऱ्या घराच्या नावावर पाऊण क्विंटल राख जमा होते, हेही खरंच. तेव्हा सूचना अशी, की वीजबिलासोबत ती ग्राहकाला घरपोच द्यावी. वस्तू त्याचीच आहे.

एका परिचितांनी आपल्या पवईच्या सोसायटीत हा विषय सहज काढून पाहिला. सचिवांनी तातडीने बैठक बोलावली. राखेचं पोतं लिफ्टमधून नेऊ देणार नाही, असा ठराव एकमताने झाला. एका सभासदाने तर उभं राहून ठणकावलं, निवासी वस्तीत असला माल उतरवायला पर्यावरण खात्याची परवानगी घेतली आहे का? आधी जनसुनावणी घ्या, म्हणाले.