फुंकर

कॅसेट चालेनाशी झाली की तिच्या तोंडात फुंकर मारायची, हे आम्हाला कुणी शिकवलं ते आठवत नाही. मांजराच्या पिल्लाला उंदीर धरायला कोण शिकवतं, तसंच ते. नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यात काकांनी मुंबईहून मिरजेच्या घरी व्हिडिओ गेमचा डबा आणला. निन्टेंडोच्या जपानी यंत्राची ती नक्कल होती. हे कळायला आम्हाला पंधराएक वर्षं लागली आणि कळल्यावरही फारसं वाईट वाटलं नाही. पिवळी कॅसेट खाचेत बसवायची, पडद्यावर करडे पट्टे थरथरले की उपसून काढायची, डोळे मिटून एक लांब फुंकर घालायची आणि पुन्हा बसवायची. चित्र उमटलं की ज्याची फुंकर लागू पडली त्याचा पहिला डाव. दादाची फुंकर हमखास लागायची, म्हणून सुट्टीभर तो घरात मांत्रिकाच्या तोऱ्यात वावरत असे.

वाती वळत बसलेल्या आजीला मात्र हे मुळीच पटत नसे. ‘थुंकी उडते रे मेल्यांनो, पदराने पुसा,’ असं म्हणून ती कॅसेट ओढून घ्यायची आणि समई पुसावी तशी पुसायची. आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो. पुढे कधीतरी वाचलं की खुद्द निन्टेंडोनेच फुंकर मारू नका असं बजावून ठेवलं होतं. श्वासातल्या ओलाव्याने आतल्या धातूच्या पट्ट्या खराब होतात. चित्र परत यायचं ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे, पट्ट्या नीट टेकल्यामुळे. म्हणजे क्योटोची कंपनी आणि मिरजेची आजी यांचं पहिल्यापासून एकमत होतं. विरोधी पक्षात आम्हीच काय ते होतो. तरीही त्या फुंकरीला खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. खरचटलेल्या गुडघ्यावर आई फुंकर घालते तेव्हा गुडघा कुठे बरा होतो? रडणं तेवढं थांबतं.

त्या डब्यातल्या मारिओवर आजीचा विशेष लोभ. त्याला ती ‘मिशीवाला’ म्हणायची. त्या मिशीमागची अडचण तिला माहीत नव्हती. १९८१ साली ‘डाँकी काँग’साठी शिगेरु मियामोतोंनी हा माणूस रेखाटला तेव्हा मोजक्या ठिपक्यांत तोंड काढणं जमेना, म्हणून नाकाखाली मिशी आली, केस जमेनात, म्हणून डोक्यावर टोपी आली. गरिबीतून आलेला रुबाब होता तो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५चा अख्खा खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत बसवलेला. त्यातले ढग आणि झुडपं एकाच साच्यातली, वर पांढरा रंग आणि खाली हिरवा. जुन्या लुगड्याची गोधडी आणि गोधडीची पायपुसणी करणाऱ्या आजीला ही काटकसर सांगायला हवी होती. पण तिचं लक्ष राजकन्येकडे. एकेक किल्ला सर करून मारिओ पोचायचा आणि तिथला छत्रीडोक्या सेवक आभार मानून सांगायचा, की राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे. असं सात वेळा. पेन्शनच्या कागदांसाठी खेटे घातलेल्या आजीला हे ओळखीचं वाटे. ‘याचंही टेबल बदललं वाटतं,’ म्हणून ती सुस्कारा सोडायची आणि विचारायची, ‘सकाळपासून पळतोय, जेवला का तो?’

या प्रश्नाला उत्तर मिळायला बरीच वर्षं जावी लागली. परवा पुण्यात भाच्याकडे ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ पाहिला. २०१८चा खेळ, १८९९ सालची अमेरिका. कॉम्प्युटरवर त्याला दीडशे गिगाबाइट जागा लागते, म्हणजे तेवढ्यात सदतीस लाखांहून अधिक मारिओ सुखाने नांदले असते. यातल्या नायकाला वेळेवर खाऊ घातलं नाही तर तो रोडावतो, त्याची दाढी दिवसागणिक वाढते, घोड्याला चारावं आणि ब्रशने घासावं लागतं. नवे खेळ आमच्या खेळांपेक्षा सुंदर आहेत, यात मला शंका नाही. पहाटेचं धुकं बघून मला अंगावर शाल घ्यावीशी वाटली. पण इथे सगळंच मांडून ठेवलेलं. आपण काळजी करावी अशी फट कुठे राहिलेली नाही. ठिपक्यांच्या त्या माणसाला भूक लागली असेल, हे आजीला स्वतःच ठरवावं लागलं होतं. भाचा पाणी प्यायला उठला तेव्हा मी कंट्रोलर हातात घेतला. रस्त्यावरच्या एका सज्जनाला रामराम करायला गेलो आणि माझ्या हातून पिस्तूल निघालं. ‘मामा, ते बटण नको!’ तो आतून ओरडला. उशीर झाला होता. गाव माझ्या मागे लागलं होतं.

राजकन्या आम्हाला भेटली ती सुट्टी संपायच्या आदल्या दुपारी. दादाने आठवा किल्ला घेतला तेव्हा आजीला डुलकी लागली होती. तिला हलवून उठवलं, चष्मा दिला. राजकन्या ठिपक्यांची उभी होती. तिने आभार मानले आणि लगेच नवी, अधिक अवघड मोहीम पुढे केली. बटण दाबताच मारिओ पुन्हा पहिल्या दिवसाच्या पहिल्या विटेपाशी, आणि राजकन्या पुन्हा बेपत्ता.

आजी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. ‘म्हणजे घरी गेलेच नाहीत?’ तिने विचारलं. दादा म्हणाला, ‘नाही गं, हे असंच असतं.’ मग तिने वातींचं तबक पुन्हा पुढ्यात ओढलं आणि म्हणाली, ‘बरं, पळव त्याला. मी बसलेय इथे.’