श्वास चालू, गोळी बंद

दर्यापुरात सगळ्यात स्वस्त काय मिळतं? वैद्यकीय सल्ला. बनोसा ते बसस्टँड पायी निघा. साखर, रक्तदाब, गुडघे, सगळ्यांवर इलाज सांगणारे वाटेत भेटतील. पैसे घेणार नाहीत, चहा तेवढा पितील. तोही साखर घालून.

फुकटचा सल्ला एकवेळ परवडतो. खरा खर्च फ्लेक्सपासून सुरू होतो. 'सात दिवसांत मधुमेहमुक्ती.' 'बिनगोळीचा बीपी.' 'सुगंधानं नैराश्य पळवा.' वर हात जोडलेले गुरुजी, खाली हात जोडलेले भावी नगरसेवक. आठव्या दिवशी गुरुजी पुढच्या तालुक्याला रवाना. साखर मात्र इथंच मुक्कामी.

वाद नको म्हणून आधीच सांगून टाकू, योगाशी आपलं भांडण नाही. जुनाट कंबरदुखीवर गोळ्यांच्या आधी व्यायाम, योग वगैरे करून बघा, असं अमेरिकेतल्या फिजिशियन मंडळींच्या संघटनेनं २०१७ साली लेखी सांगितलं. त्याच वर्षी वैद्यकीय पुरावे चाळणाऱ्या कॉक्रेनवाल्यांनी १२ चाचण्या आणि १,०८० माणसं तपासली. निष्कर्ष काय? फरक पडतो, पण बेताचा. आणि काहींची कंबर योगानंच जास्त दुखली, हेही त्याच अहवालात आहे.

फ्लेक्सवर एवढी जागा कुठून आणायची?

कंबरेची आणखी एक गंमत. नव्यानं धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच सुटते. पहिल्या आठवड्यात ज्याच्याकडे गेलात तो मूर्ख ठरतो, पाचव्या आठवड्यात ज्याच्याकडे गेलात तो देव. अर्धे चमत्कार असेच घडतात. कॅलेंडर बघून.

बरं, योगाची परीक्षा घ्यायची म्हणजे धर्म बुडाला, असं कुणी म्हणालं तर त्याला लोणावळ्याला पाठवा. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली तिथं कैवल्यधाम काढलं. सोबत 'योगमीमांसा' हे नियतकालिकही. आसनं, नौली, प्राणायाम, सगळं क्ष-किरण यंत्रासमोर आणि दाबमापकासमोर उभं केलं. शंभर वर्षांपूर्वीचा स्वामी यंत्राला घाबरला नाही. आजचे गुरुजी साखर तपासायच्या पट्टीला घाबरतात.

इतकं लांब जायचं नसेल तर अमरावती आहेच. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, स्थापना १९१४, संस्थापक वैद्य बंधू. १९३६ ला मंडळाचे खेळाडू बर्लिन ऑलिंपिकला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले. आडनाव वैद्य, तरी त्यांनी लोकांना घाम गाळायला सांगितलं, रोग घालवायचं वचन दिलं नाही. आता आडनाव काहीही असो, पाटी वैद्याचीच.

निसर्गोपचाराकडे वळू. पहिली आज्ञा, पाणी भरपूर प्या, शरीर आतून धुऊन निघतं. कोणतं पाणी, मालक? पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला, बुलडाण्याची शेकडो गावं खारपाणपट्ट्यात आहेत आणि दर्यापूर तालुका त्यातलाच. हापशीचं पाणी तोंडात धरवत नाही. जलनेतीसाठी कोमट पाण्यात मीठ घाला म्हणतात. आमच्या काही गावांत सरकारनं तीही सोय करून ठेवली आहे.

जलनेतीचं निघालंच आहे म्हणून. २०११ साली अमेरिकेतल्या लुइझियानात दोन माणसं नाक धुऊन मेली. पाणी नळाचं होतं, न उकळलेलं. त्यातला अमीबा नाकावाटे थेट मेंदूत गेला. उकळून गार केलेलं पाणी घ्या, एवढं एक वाक्य पुरलं असतं. शिबिरात मंत्र सांगतात, बर्नर कुणी सांगत नाही.

मग येतं डिटॉक्स. शरीरातली घाण काढणं. ही घाण नेमकी कोणती, तिचं नाव काय, ती मोजायची कशी? हे विचारलं की गुरुजी डोळे मिटतात. शरीरातला कचरा काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं जन्मापासून करतात, बिनपगारी. त्यांनी कधी फ्लेक्स लावला नाही, हीच त्यांची चूक.

आणि ज्यांची मूत्रपिंडंच थकली आहेत त्यांचं काय? खारपाणपट्ट्यात किडनीच्या दुखण्याची ओरड नवी नाही. अशा माणसाला फळांचे, पालेभाज्यांचे रस पाजले तर रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदय अडखळतं. रस मात्र शंभर टक्के नैसर्गिक असतो.

धोतराही नैसर्गिकच आहे.

दुधीचं उदाहरण घ्या. सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस, हा देशभरातल्या हृदयरोग्यांचा प्रसाद. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीच्या रसानं मृत्यू झाला. तज्ज्ञांची समिती बसली. कडू लागला तर थुंका, पिऊ नका, असा तिचा सल्ला. आपल्याकडे नेमकं उलटं शिकवलेलं असतं. जेवढं कडू तेवढं गुणकारी.

आता सुगंध. अरोमाथेरपी हे नाव रुजवलं गॅटफॉसे नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं. १९१० साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्याचे हात भाजले, जखमा चिघळल्या, लव्हेंडरच्या तेलानं आराम पडला, असं त्याचं म्हणणं. १९३७ साली त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं. घरचा धंदा काय होता विचारा.

अत्तराचा.

लव्हेंडरच्या वासानं मन निवांत होत असेल, झोपही लागत असेल. छानच. पण संधिवात, दमा, थायरॉइड? मेंथॉलचंही असंच. चोंदलेलं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, आतली वाट होती तेवढीच राहते. सुखद फसवणूक आहे, तक्रार नाही. फक्त त्याला इलाज म्हणू नका.

आमच्या आज्या ओवा तव्यावर भाजून पुरचुंडी हुंगायला देत. फी नव्हती, डिफ्यूझर नव्हता. आणि म्हणत, दोन दिवसांत नाही उतरलं तर पोराले दवाखान्यात ने. हे शेवटचं वाक्य गाळलं की आजीचा बटवा संपतो आणि वेलनेस सेंटर सुरू होतं.

खरी मेख इथं आहे. प्राणायामानं माणूस सहसा मरत नाही. बंद केलेल्या गोळीनं मरतो.

"मावशी, गोया चालू हायेत ना बीपीच्या?"

"कायले वो भाऊ? महिना झाला, बंद केल्या. अनुलोम-विलोम चालू हाये ना. मले तं बरं वाटते."

बरं वाटणारच. रक्तदाब दुखत नाही, हीच तर त्याची खोड आहे. लकवा मारतो त्याच्या आदल्या दिवशीही बरंच वाटत असतं. 'बरं वाटते' हा निकाल सर्दीत चालतो. रक्तदाबात यंत्राला विचारावं लागतं आणि यंत्र शिबिरात आणत नाहीत. आणलं तर पहिल्या दिवशी आणतात, शेवटच्या दिवशी नाही.

लहान वयात मधुमेह झालेल्या पोराचं इन्सुलिन बंद करायला सांगणारेही भेटतात. त्या पोराच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. ते आसनातून येत नाही, मेथीतून येत नाही. काही दिवसांत पोर बेशुद्ध पडतं आणि मग अपरात्री अकोल्याचं सर्वोपचार नाहीतर अमरावतीचं इर्विन गाठायची धावपळ. गुरुजींचा फोन तेव्हा आउट ऑफ कव्हरेज. ध्यानात असतील.

आकडा हवा? अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी बऱ्या होऊ शकणाऱ्या कर्करोगाचे रुग्ण तपासले. नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीच पट. स्तनाच्या कर्करोगात पाच पटींहून जास्त. अशांत शिकलेल्या, पैसेवाल्या माणसांचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे अडाणीपणाचं खापर गावावर फोडायची सोय गेली.

याच्या उलट टाटा मेमोरिअल. मुंबईच्या या रुग्णालयानं स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना योग शिकवून मोठी चाचणी केली आणि २०२२ साली निष्कर्ष मांडले. रुग्णांना फायदा दिसला. पण शस्त्रक्रिया, किमो, रेडिएशन हे सगळं जागच्या जागी होतं आणि योग त्याच्या जोडीला. बातमी आपल्याकडे कशी पोचली? 'योगानं कॅन्सर बरा.' किमो वाटेत गाळली गेली.

वऱ्हाडातला माणूस टाटात जातो तेव्हा कित्येकांची पथारी दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत पडते. बाबा शेंडगावचे, म्हणजे दर्यापूरच्या अगदी शेजारचे. नवसाला बकरं कापणाऱ्यांना त्यांनी जन्मभर कीर्तनात सोलून काढलं. त्यांच्या दशसूत्रीत रोग्याला औषधोपचार आहे. अंगारा नाही. पौषातल्या रविवारी ऋणमोचनच्या यात्रेला जाणाऱ्यांनी हे तिथं एकदा आठवून बघावं आणि मग परतीच्या वाटेवरचा फ्लेक्स वाचावा.

आपण हसतो कुणाला? मेळघाटातल्या भूमकाला, म्हणजे तिथल्या गावठी वैद्याला. पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. भयंकरच. त्यावर गुन्हे दाखल होतात, व्हायलाच हवेत. पण रक्तदाबाची गोळी बंद करायला सांगून माणसाला अंथरुणाला खिळवणाऱ्यावर? त्याच्या खोलीत एसी असतो, मागं बासरी वाजत असते आणि भिंतीवर मंत्र्यासोबतचा फोटो.

कायदा नाही का? आहे की. १९५४ पासून आहे. जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी, सोबत ५४ आजारांची यादी. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा, अगदी उंची वाढवणंसुद्धा. ती यादी कुणी वाचत असेल तर ते फक्त जाहिराती लिहिणारे. काही सुटायला नको म्हणून.

पतंजलीच्या जाहिरातींचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२४ च्या एप्रिलात वर्तमानपत्रांत माफीनामा छापून आला. माफी जाहिरातीएवढीच मोठी छापली आहे का, असं न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा दुसऱ्यांदा जरा मोठ्या अक्षरात आली. त्याच पतंजलीचे आचार्य बाळकृष्ण २०१९ साली अचानक आजारी पडले होते. त्यांना कुठं नेलं? ऋषिकेशच्या एम्समध्ये. योग्य तेच केलं. फक्त त्याची जाहिरात कुणी केली नाही.

यातून गांधीजीही सुटले नाहीत. मातीच्या पट्ट्या, उपवास, कटिस्नान यांवर त्यांची अपार श्रद्धा. उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम १९४६ साली त्यांच्याच प्रेरणेनं उभा राहिला. पण १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांचं अपेंडिक्स बिघडलं, तेव्हा मातीची पट्टी लावत कुणी बसलं नाही. पुण्याच्या ससूनमध्ये कर्नल मॅडॉक या इंग्रज डॉक्टरनं ऑपरेशन केलं. मधेच वीज गेली, उरलेलं कंदिलाच्या उजेडात उरकलं. पुढं निसर्गोपचाराची चोवीस वर्षं शक्य झाली, ती त्या एका सुरीमुळं.

मग लोक जातात तरी का तिकडं? मूर्ख आहेत म्हणून? मुळीच नाही. दवाखान्यात तीन तास रांग आणि डॉक्टरसमोर एक मिनिट. मान वर न करता चिठ्ठी, आणि 'नेक्स्ट'. गुरुजी मात्र तासभर बसवून घेतात. झोप येते का, सून बोलते का, कापसाला भाव काय मिळाला, सगळं विचारतात. अर्धं दुखणं तिथंच हलकं होतं. डॉक्टर मंडळींनी गुरुजींकडून एवढं एक आसन शिकायला हरकत नाही. माणसाकडं बघायचं.

तेव्हा करा की योग. चाला, वाका, श्वास घ्या, ओवा हुंगा, तेल चोळा, मातीत लोळा. काचबिंदू असेल तर तेवढं शीर्षासन टाळा, डोळ्यांतला दाब वाढतो. डॉक्टरनं दिलेल्या यादीत वाटेल तेवढी भर घाला. त्यातलं काही खोडायचं असेल तर ज्यानं लिहिलं त्याच्याच हातानं खोडून घ्या. सोपं आहे. सोपं आहे म्हणूनच त्याचं शिबिर होत नाही.

आणि शिबिराला गेलातच तर नावनोंदणीचा कागद शेवटपर्यंत वाचा. तळाला बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेलं असतं, 'मी स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत आहे.' बरं वाटलं तर गुरुजींची कृपा. नाही वाटलं तर आमचं पथ्य मोडलं. आजार आमचा, श्रद्धा आमची, जबाबदारीही आमचीच.

मग फी तेवढी त्यांची कशी?