रिमूव्ह मारलं, डेटा तिथेच

‘ॲप्ट रिमूव्ह’ मारून डेटाबेस जात नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेट औद्योगिक वसाहतीतल्या प्रत्येक मालकाने हे वाक्य छापून सर्व्हरच्या डोक्यावर चिकटवावं.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ला सुरू झालं, तेव्हापासून ही वसाहत त्याच्याशी जोडलेली आहे. आज रोड नंबर सोळा-बावीसच्या बाजूला काचेच्या आयटी इमारती उभ्या आहेत, पण डेटाबेस फक्त त्यांच्यात आहे असं समजू नका. पंधरा माणसांच्या टर्निंग वर्कशॉपमध्येही हजेरीचं मशीन आहे, बिलिंग आहे, स्टॉक आहे. यातल्या बहुतेकांच्या खाली कुठला ना कुठला डेटाबेस चालतो. तो कोणी बसवला ते मालकाला माहीत असतं. तो कोण काढणार आणि कसा, हे मात्र कुठल्याही कागदावर नसतं.

बसवणं सोपं झालंय. उबुंटूच्या काळ्या खिडकीत ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल मायएसक्यूएल-सर्व्हर’ एवढं लिहायचं, पासवर्ड द्यायचा; चहा येईपर्यंत डेटाबेस चालू. पोस्टग्रेस हवा असेल तर फक्त नाव बदलायचं. विंडोजवर एसक्यूएल सर्व्हरसुद्धा एका लांबलचक कमांडने, एकही बटण न दाबता बसतो. मी या पद्धतीच्या पूर्ण बाजूचा आहे. कमांड लिहून ठेवता येते, उद्या दुसऱ्या मशीनवर तीच चालवता येते, आणि कोणी काय केलं ते नंतर वाचता येतं. ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करत गेलं की यातलं काहीच मागे राहत नाही.

घोळ होतो काढताना. रिमूव्हने प्रोग्रॅम जातो. सेटिंगच्या फाइली ‘ईटीसी’मध्ये राहतात. आणि खरा माल, म्हणजे गिऱ्हाइकांचे पत्ते, कामगारांचे पगार, मोबाइल नंबर, ‘व्हार’खालच्या ‘लिब’मधल्या ‘मायएसक्यूएल’ फोल्डरात जसाच्या तसा पडून राहतो. गाळा सोडताना पाटी उतरवायची आणि गोदाम उघडं टाकून निघायचं, असा हा कारभार आहे.

‘पर्ज’ केलं की सेटिंगही जातात, आणि मशीन मध्येच विचारतं की डेटाही पुसू का? मायएसक्यूएल विचारतं, पोस्टग्रेसही विचारतं. सगळ्या कामातला हा सर्वांत मोलाचा प्रश्न, आणि नेमका तोच न वाचता एंटर मारला जातो. मग ठेवायचं ते जातं, नाहीतर पुसायचं ते राहतं. मोंगोडीबीच्या अधिकृत सूचनांमध्ये प्रोग्रॅम काढायची कमांड वेगळी दिली आहे, डेटा आणि लॉगचे फोल्डर पुसायची वेगळी. एसक्यूएल सर्व्हर अनइन्स्टॉल केला तरी तुमच्या डेटाबेसच्या एमडीएफ आणि एलडीएफ फाइली डिस्कवर राहतात. डॉकरवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. कंटेनर काढला तरी नाव दिलेला व्हॉल्यूम मागे उरतो. हे कोणी लपवून ठेवलेलं नाही. आपण वाचत नाही.

छोट्या कंपनीला याने काय फरक पडतो, असं विचारणाऱ्यांसाठी मोठ्या कंपन्यांची दोन उदाहरणं.

पहिलं मॉर्गन स्टॅनलीचं. २०१६ मध्ये या बड्या वित्तसंस्थेने आपली दोन डेटा सेंटर बंद केली आणि जुनी यंत्रं हलवायचं काम डेटा पुसण्याचा अनुभव नसलेल्या सामान-वाहतूक कंपनीला दिलं. त्यातली काही यंत्रं पुढे ऑनलाइन लिलावात विकली गेली, आत ग्राहकांची माहिती तशीच. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाने साडेतीन कोटी डॉलरचा दंड लावला. प्रश्न सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या माहितीचा होता.

दुसरं गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचं. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री त्यांच्या इंजिनिअरला दुय्यम सर्व्हरवरचा पोस्टग्रेसचा डेटा पुसायचा होता. कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने थांबवलं. तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअप शोधायला गेले तर तोही नाही. कारण ऐका: डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि डम्प काढणारं साधन ९.२चं. म्हणून बॅकअप दर वेळी फसत होता आणि त्याची सूचना देणारे मेलही कोणापर्यंत पोचत नव्हते. सहा तासांपूर्वी एकाने हाताने घेतलेली प्रत होती, म्हणून कंपनी सावरली. एक गोष्ट त्यांनी चांगली केली. काय चुकलं ते सगळं जगासमोर मांडलं, माणसाच्या माथी न मारता पद्धत सुधारली.

आपल्याकडे आता कायदाही आला आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे काम संपल्यावर, दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितली नसेल तर, माणसाची माहिती पुसावी लागेल. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची मर्यादा २५० कोटी रुपये. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिली आहे. दुसरीकडे जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायचे आहेत. म्हणजे एकाच डेटाबेसमधली बिलं ठेवायची आणि तीन वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या उमेदवाराचा बायोडेटा पुसायचा. ‘फॉरमॅट मार’ म्हणून हे होत नाही. कुठल्या टेबलात काय आहे हे आधी माहीत असावं लागतं.

तेव्हा डेटाबेस काढायची रीत अशी ठेवा.

एक. ‘मायएसक्यूएलडम्प’ किंवा ‘पीजी-डम्प’ने प्रत घ्या, साधनाची आवृत्ती डेटाबेसशी जुळते का ते बघा, आणि ती प्रत दुसऱ्या मशीनवर चढवून शेवटचं बिल उघडा. न उघडलेल्या बॅकअपला बॅकअप म्हणू नका.

दोन. सर्व्हिस फक्त बंद करा आणि महिनाअखेर जाऊ द्या. पगाराच्या दिवशी अकाउंट्समधून कोणी ओरडलं तर समजा की हा डेटाबेस अजून कामात आहे.

तीन. पुसायच्या कमांडच्या वेळी दोन माणसं बसवा. एकाने सर्व्हरचं नाव मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने एंटर मारायचा.

चार. पर्जचा प्रश्न वाचून उत्तर द्या. मग डेटा, लॉग, बॅकअपची स्क्रिप्ट, तिच्यातला पासवर्ड, आणि फायरवॉलमध्ये ३३०६ किंवा ५४३२ या पोर्टला ठेवलेली वाट, हे सगळं एकेक करून बंद करा.

पाच. फाइल डिलीट केली की डिस्कवरची नोंद जाते. मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत बऱ्याचदा परत काढता येतो. हार्ड डिस्क पूर्ण ओव्हरराइट करा. एसएसडीला ते पुरत नाही, तिथे उत्पादकाचं सिक्युअर इरेज वापरा. त्याहून उत्तम म्हणजे बसवण्याआधीच सगळी डिस्क एन्क्रिप्ट करायची. शेवटी किल्ली नष्ट केली की आतलं कोणाला वाचता येत नाही. मशीन भंगारवाल्याच्या टेम्पोत टाकू नका. १ एप्रिल २०२३पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत, नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्या आणि पावती घ्या.

यातलं काहीही महागडं नाही. लागतो तो थोडा वेळ आणि एक लिहिलेला कागद. आयटीआयच्या संगणकाच्या ‘कोपा’ ट्रेडपासून इंजिनिअरिंग कॉलेजपर्यंत सगळीकडे डेटाबेस शिकवतात. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत तो बसवून घेता, तसा पुसून, मशीनवर काय काय उरलं हे शोधूनही घ्या. त्यालाही मार्क ठेवा.

आणि मालकांनो, पुढच्या वर्क ऑर्डरमध्ये एक ओळ घाला: बसवण्याच्या कमांडबरोबर काढण्याच्या कमांडचा कागदही द्यायचा, आणि रिकाम्या मशीनवर तो चालवून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही. चांगला व्हेंडर याला आनंदाने तयार होईल. जो होणार नाही, त्याच्या हातात तुमच्या कामगारांची माहिती देऊ नका.